काळजी करणे आणि काळजी घेणे : रोजच्या चिंता आणि देव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना आटोपली की मंडळीच्या ओट्यावर चहा होतो आणि खरे प्रश्न तेव्हा निघतात. प्रवचन चालू असताना कोणी हात वर करीत नाही, कप हातात आला की मात्र कोणीतरी हळूच विचारतो, "दादा, देवाले या साऱ्याचं काही पडलं हाय काय?" यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या लहानशा मंडळीत असे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. मी पाळक नाही. सहा एकर कोरडवाहू शेती आणि रविवारी मुलांची शब्बाथ शाळा, एवढाच माझा अधिकार आहे. म्हणून जिथे माझे मत आले आहे तिथे ते माझे मत म्हणूनच वाचावे.

विश्वाचा कारभार पाहणाऱ्या देवाला माझ्या वावरातल्या बोंडअळीशी काय देणेघेणे?

देव म्हणजे कोणी मोठा साहेब आहे, मोठी कामे तो स्वतः पाहतो आणि लहानसहान अर्ज खाली तलाठ्याकडे सरकवतो, अशी समजूत या प्रश्नाच्या मुळाशी असते. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या माणसाला ती स्वाभाविकच वाटते. ख्रिस्ती विश्वास मात्र याच्या उलट आहे. शिष्यांना हे समजावताना येशूने बाजारातली अगदी स्वस्त वस्तू निवडली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो विचारतो की, दोन चिमण्या दमडीला विकतात की नाही; तरी त्यांतली एकही तुमच्या पित्याला सोडून जमिनीवर पडत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात हाच भाव पाच चिमण्यांना दोन दमड्या असा येतो. ते नाणे त्या काळच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा होते. हिशेबाने दोन दमड्यांना चारच चिमण्या यायला हव्यात. पाचवी म्हणजे भाजीवाल्याने मेथीच्या जुडीवर फुकट टाकलेली कोथिंबिरीची काडी. तिला भावच नाही, आणि देवाला तिचाही विसर पडत नाही, असे येशू सांगतो.

जुन्या करारातील दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट मला याहूनही जवळची वाटते. अलीशा संदेष्ट्याबरोबरचे लोक यार्देन नदीच्या काठी लाकडे तोडत होते. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडले आणि तो कळवळून म्हणाला की, ती तर मागून आणलेली होती. अलीशाने पाते कुठे पडले ते विचारले, तिथे एक लाकूड टाकले आणि लोखंड वर तरंगले. राजांच्या लढाया आणि राज्यांची उलथापालथ सांगणाऱ्या पुस्तकाने सात वचने एका गरीब माणसाच्या उसन्या कुऱ्हाडीला दिली आहेत. शेजाऱ्याचा फवारणीचा पंप मागून आणावा आणि त्याची नळी आपल्याच हातून तुटावी, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो ज्याने अनुभवला आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

"चिंता करू नका" म्हणजे पेरणीचे आणि पैशाचे नियोजनही करायचे नाही काय?

मराठीत काळजी हा एकच शब्द दोन कामे करतो. काळजी करणे म्हणजे रात्रभर कूस बदलत राहणे. काळजी घेणे म्हणजे उठून कंदील घेऊन जाणे आणि गोठ्याचे दार लागले आहे की नाही ते पाहून येणे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मूळ ग्रीकमध्येही येथे दोन निरनिराळे शब्द आहेत. करण्याची काळजी आपल्याकडून काढून घेतली जाते, कारण घेण्याची काळजी कोणीतरी आधीच उचललेली आहे, असा त्या वाक्याचा बांधा आहे.

येशूने डोंगरावरील प्रवचनात पाखरांचे उदाहरण दिले. ती पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो. यावरून काही जण असा अर्थ काढतात की, विश्वास असेल तर स्वस्थ बसावे. पाखरे स्वस्थ बसतात असे ज्याला वाटते, त्याने ज्वारी हुरड्यावर आली असताना एक दिवस वावरात राखण करून पाहावी. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ती कामावर असतात. कुढत बसणे एवढेच त्यांना जमत नाही.

नियोजनाला पवित्र शास्त्राचा विरोध नाही. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफ सात सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावतो, आणि पुढच्या सात दुष्काळी वर्षांत सारा मिसर देश त्यावर जगतो. त्यामुळे पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजणे, ही अविश्वासाची खूण मुळीच नाही. सत्तरहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवावे किंवा बदलावे, आणि मग झोपावे. येशूने त्याच प्रवचनात "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" असेही म्हटले आहे. दुःख येणारच नाही, असे तो म्हणालेला नाही. उद्याचे ओझे आजच्या पाठीवर घेऊ नये, एवढेच त्याचे सांगणे आहे.

"आमची रोजची भाकर" असे म्हणताना आपण नेमके काय मागतो?

भाकरच मागतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी भाषांतरात हा शब्द कोणी बसवला असेल त्याचे आपल्यावर उपकार आहेत, कारण तव्यावरून उतरलेली, कडेला थोडी करपलेली ज्वारीची भाकर डोळ्यांसमोर आल्याशिवाय हे वाक्य आपल्याकडे म्हणताच येत नाही. "रोजची" या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये असलेला शब्द नव्या करारात या प्रार्थनेखेरीज कुठेच आढळत नाही. त्याचा अर्थ आजच्या दिवसापुरती, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. कोणताही अर्थ घेतला तरी मागणी वर्षभराच्या पोत्यांची नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला तोही दिवसापुरता वेचायचा होता, आणि ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले.

आणखी एक गोष्ट अनेकदा निसटून जाते. प्रार्थनेत "माझी" नाही, "आमची" आहे. माझ्या टोपल्यात चार भाकरी आणि शेजारच्या घरी चूल पेटलेली नाही, अशा वेळी ही प्रार्थना अर्धीच ऐकली गेली आहे, आणि उरलेली अर्धी माझ्या टोपल्यात पडून आहे.

पावसासाठी प्रार्थना करावी काय? पाऊस तर हवामानाने पडतो.

करावी. आमच्याकडे मृग कोरडा जाऊ लागला की मंडळीत बुधवारची सभा आपोआप भरते आणि एरवी न दिसणारे चेहरेही मागच्या चटईवर दिसतात. पाऊस कमी दाबाच्या पट्ट्याने पडतो आणि तो पट्टाही देवाच्याच सृष्टीत आहे, असे ख्रिस्ती माणूस मानतो. त्यामुळे हवामान खात्याचा अंदाज ऐकणे आणि गुडघे टेकणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

या विषयावर जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाइतके आपल्या मुलखाला लागू पडणारे लिखाण मी दुसरे वाचलेले नाही. मोशे इस्राएल लोकांना सांगतो की, तुम्ही जिथून निघालात तो मिसर देश ओलिताचा होता, तिथे बी पेरून भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पाणी पायाने द्यावे लागे. तुम्ही जिथे जात आहात तो मात्र डोंगरखोऱ्यांचा, आकाशातल्या पावसाचे पाणी पिणारा देश आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर देवाने आपल्या लोकांना वचन म्हणून दिलेली जमीन कोरडवाहू होती. पुढचे वाक्य तर असे आहे की, त्या देशाची काळजी परमेश्वर घेतो आणि वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्याची नजर त्या देशावर असते. कॅनॉलचे पाणी ज्याच्या वावरात येते तो धरणाकडे पाहतो, आणि कोरडवाहूवाला आभाळाकडे. मराठी पवित्र शास्त्रात पुढे आगोटीचा आणि वळवाचा पाऊस येतो, तो वाचताना मात्र गल्लत करू नये. त्या देशात शेतीचा पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथली आगोट आपल्या दिवाळीच्या सुमारास आणि शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये येतो.

तरीही एक अडचण उरते आणि ती लपवू नये. ऑक्टोबरच्या एकाच रात्री एकाच गावात एक जण हरभऱ्याच्या ओलीसाठी पाऊस मागत असतो, आणि दुसरा सोयाबीनची गंजी उघड्यावर पडली आहे म्हणून तो पडू नये अशी विनवणी करीत असतो. दोघेही त्याच बाकावर बसणारे. देव कोणाचे ऐकतो, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढेच शिकलो आहे की, पावसासाठी प्रार्थना करून घरी जाताना गंजीवर ताडपत्री टाकायला शेजाऱ्याला हात द्यावा.

प्रार्थना केली, उपास केला, तरी पीक गेले. आमच्या विश्वासात खोट होती काय? की कोणाचे पाप आड आले?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आधीच कोणीतरी "हो" असे सांगून गेलेले असते. ते उत्तर चुकीचे आहे आणि ते येशूने स्वतः दोनदा खोडले आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून विचारतात की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. येशू म्हणतो, कोणाचेही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा विषय निघतो. ती माणसे यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होती असे समजू नका, असे तो स्पष्ट बजावतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. जुन्या करारातील ईयोब हा नीतिमान माणूस सर्वस्व गमावून बसला होता; त्याचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले होते तोवर ठीक होते. तोंड उघडून त्यांनी पापाचा हिशेब मांडायला सुरुवात केली तेव्हा ते चुकले, आणि अखेर देवाने त्यांनाच दोष दिला. आपल्या मंडळीतही दुःखाच्या घरी जाऊन कारणे सांगणाऱ्यांपेक्षा चहा करून देणारे अधिक हवे आहेत, असे माझे मत आहे.

विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना फसली, असे म्हणावे तर प्रेषित पौलाचे काय करायचे? आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे, असे उत्तर त्याला मिळाले. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली आणि प्याला दूर झाला नाही.

२०१७ साली शेंदरी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हा माझी पऱ्हाटी वरून हिरवीगार होती. बोंड फोडले की आत गुलाबी अळी आणि काळपट पडलेली सरकी. नखाने बोंड उकलावे, पाहावे आणि फेकून द्यावे, असे करीत मी एका ओळीच्या टोकापर्यंत गेलो आणि पुढच्या ओळीत शिरलोच नाही. त्या आठवड्यात मला प्रार्थना सुचली नाही. पाळकांनी मला काही समजावले नाही. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट तेवढा वाचून दाखवला. अंजिराचे झाड फुलले नाही, शेतात धान्य पिकले नाही, वाड्यात मेंढरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. खरे सांगायचे तर मला त्या दिवशी आनंद झाला नाही. पण नापिकीची यादी पवित्र शास्त्रातही एकेक करून लिहिलेली आहे, ती कोणी झाकलेली नाही, हे पाहून बरे वाटले. "हे परमेश्वरा, कोठवर?" असे विचारणारी स्तोत्रे तिथे आहेत, आणि ती उपासनेत म्हणण्यासाठीच आहेत. तक्रार हीदेखील प्रार्थना असते.

मला तर देवाचा हात कुठे दिसतच नाही.

एस्तेरचे पुस्तक वाचावे. दहा अध्यायांच्या त्या पुस्तकात मूळ इब्री मजकुरात देवाचे नाव एकदाही येत नाही. कोणी दर्शन पाहत नाही, चमत्कार होत नाही. एका रात्री राजाला झोप लागत नाही, तो बखर वाचून घेतो, आणि त्यातून एका संपूर्ण लोकसमाजाचा जीव वाचतो. वाचणाऱ्याला हात दिसतो. गोष्टीतल्या माणसांना तो घडत असताना दिसला असेलच असे नाही. जाता जाता कापूसवाल्यांसाठी एक गंमत सांगतो. याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात राजाच्या मेजवानीतल्या पडद्यांचे वर्णन आहे आणि तिथे "कर्पास" हा शब्द आला आहे. आपल्या "कार्पास" आणि "कापूस" यांचा तो भाऊबंदच. सबंध इब्री शास्त्रात कापूस एवढ्या एकाच ठिकाणी आहे, आणि तोही जिथे देवाचे नाव नाही अशा पुस्तकात.

देव काळजी घेतो, म्हणजे प्रत्यक्षात काय होते?

बहुधा कोणीतरी माणूस येतो. मार्कच्या पाचव्या अध्यायात याईराची मेलेली मुलगी येशूच्या शब्दाने उठून चालू लागल्यावर सगळे थक्क होऊन उभे असताना येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. चमत्कार त्याने केला. जेवण वाढण्याचे काम घरच्यांकडे दिले. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या आणि उपाशी भावाला नुसते "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून वाटेला लावणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी आहे.

पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा, १८७४ साली, त्यांचे आईवडील उपासमारीने वारले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी स्त्रियांना व मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणून ठेवले. त्या मुलींपैकी एखादीने वाटेत प्रार्थना केली असेल, तर तिचे उत्तर पांढरे लुगडे नेसून आलेल्या एका बाईच्या रूपाने आले. आपल्या आईवडिलांच्या वेळी असे कोणी का आले नाही, हा प्रश्न रमाबाईंनाही पडला असेल. आजच्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा या मुलखाचा तेव्हा मध्य प्रांतातच समावेश होता, हे येथे सांगून ठेवतो.

कर्जासाठी प्रार्थना करणे योग्य आहे काय?

योग्य आहे, आणि त्याला जुना आधार आहे. दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशाकडे येते. तिचा नवरा देवभीरू होता, तरी तो कर्ज ठेवून मेला आणि सावकार तिची दोन मुले दास करून न्यायला आला आहे. यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवावा, कारण कर्जबाजारी झाला म्हणजे माणूस नालायक किंवा अविश्वासू ठरला, असे बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अलीशा तिला विचारतो की, घरात काय आहे. तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. मग तो सांगतो की, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नकोस. दार लावून घे आणि ओत. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. तेल विकून कर्ज फेड आणि उरले त्यावर मुलांसह निर्वाह कर, असे अखेरचे सांगणे आहे. कर्ज माफ झाले नाही, ते फिटले. आणि गावाने आपली भांडी दिली नसती तर तेल मावले कशात असते, हा प्रश्न मी शब्बाथ शाळेत दर वर्षी मुलांना विचारतो.

आता एक इशारा. अमुक इतकी रक्कम "बीज" म्हणून द्या, देव शंभरपट परत करील आणि कर्ज फिटेल, असे सांगणारे उपदेशक मोठ्या सभांतून आणि मोबाइलवर भेटतात. बी काय असते आणि ते किती वेळा उगवत नाही, हे ज्यांना दुबार पेरणीने शिकवले आहे, त्यांनी तरी अशा भाषेला भुलू नये. दान हे आभार म्हणून द्यायचे असते. कापसाचा चुकारा हातात आला की आधी घेतलेल्याचे द्यावे, मजुरांची मजुरी द्यावी, आणि मग आनंदाने जमेल ते दानपेटीत टाकावे. मजुरी थकवून टाकलेल्या दानाविषयी याकोबाच्या पाचव्या अध्यायावरून काय वाटते ते ज्याने त्याने वाचून ठरवावे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडत आहे.

जगणेच नकोसे झाले आहे. असे वाटणे पाप आहे काय?

असे वाटले म्हणून देव कोणाला टाकत नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला की, आता पुरे, माझा प्राण घे. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात पुढे जे घडले ते पाहावे. देवाने त्याला रागावले नाही, उपदेशही केला नाही. तो झोपला. दूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, आणि दूताने त्याला पुन्हा खाऊ घातले. बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले.

हे वाचणाऱ्याच्या मनात असे काही चालू असेल तर त्याने आज, आत्ताच कोणाला तरी सांगावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. आणि ज्याच्या घरात फवारणीचे औषध आहे आणि माणूस गप्प गप्प झाला आहे, त्याने ते औषध आधी घराबाहेर, कुलपात ठेवावे. प्रार्थना त्याबरोबर चालू ठेवावी.

देव सांभाळतो, तर मग विमा, दवाखाना, फवारणीचा मास्क कशाला?

सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून हेच सुचवले होते की, खाली उडी टाक, दूत तुला झेलतील. शास्त्रातले वचनही त्याने तोंडपाठ म्हणून दाखवले. येशूने उत्तर दिले की, देवाची परीक्षा पाहू नकोस. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या डोक्यावरून गेलेल्या पऱ्हाटीत, वारा तोंडावर असताना, उघड्या अंगाने फवारणी करणे आणि देव पाहून घेईल असे म्हणणे, ही त्या मंदिरावरून मारलेली उडीच आहे. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे वापरावेत आणि फवारणी वाऱ्याच्या दिशेनेच करावी. आजाऱ्यावर मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाचे पत्र सांगते. ती करून त्याला गाडीत बसवून दवाखान्यात न्यावे. प्रार्थनेसाठी गोळ्या बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याचे ऐकू नये.

देवाची ही काळजी फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे काय?

नाही. तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगववतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो, असे येशूचे शब्द आहेत. दुष्काळात एलीयाला इस्राएलातल्या कोणा विधवेकडे नव्हे, तर सीदोन मुलखातल्या सारफथच्या परक्या विधवेकडे पाठवले गेले. तिच्या मडक्यातले पीठ सरले नाही. नासरेथच्या सभास्थानात येशूने याची आठवण करून दिली तेव्हा गावकरी इतके संतापले की, त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्याचे बैल दारात आले तर त्यांच्यापुढे पाटीभर कुटार ठेवताना ज्याचा हात अडतो, त्याने ही गोष्ट पुन्हा वाचावी.

संतांकडे मध्यस्थी मागावी काय?

कॅथलिक बंधुभगिनी पवित्र मरियेकडे आणि संतांकडे आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतात, हरवलेल्या वस्तूसाठी संत अंथोनीचे नाव घेतात. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळ्या थेट ख्रिस्ताच्या नावाने मागतात. हरवलेली शेळी शोधायला दोन्ही घरची पोरे एकत्रच जातात.

मला नीट प्रार्थना करता येत नाही. पुस्तकी शब्द सुचत नाहीत.

पुस्तकी शब्दांची गरज नाही. प्रार्थनेसाठी काही जण एरवी कधी न वापरलेली भाषा काढतात, तेव्हा मला तहसीलदारासमोर उभा राहिलेला माणूस आठवतो. आमच्या मंडळीत सालदार म्हणून उभे आयुष्य काढलेले एक म्हातारे काका होते. प्रार्थनेची पाळी आली की ते टोपी काढून मांडीवर ठेवत, बराच वेळ काहीच बोलत नसत, आणि मग म्हणत, "बाप्पा, तुले तं सारं मालूम हाय. मी काय सांगू? आमेन." तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि शब्दच सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः उसाशांनी आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. काकांना वाचता येत नव्हते.

यंदा काहीच पिकले नाही. हंगामाच्या सणाला मंडळीत काय आणावे?

जे असेल ते. कापसाच्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीनंतरच्या एका रविवारी आमच्याकडे उपकारस्तुतीची भक्ती होते. मेजावर पायलीभर ज्वारी, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेला कोंबडा येतो आणि भक्तीनंतर सगळ्याचा लिलाव होतो. बोंडअळीच्या त्या वर्षी मजुरीवर जगणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून ओंजळभर कवडी कापूस मेजावर ठेवला होता, दुसऱ्यांच्या वावरातून सरवा म्हणून वेचलेला, पिवळा डाग पडलेला, बोंडाच्या टरफलाचे तुकडे चिकटलेला. पाळकांनी तो बाजूला सरकवला नाही. भोपळ्याच्या पुढे ठेवला. लिलावात एकाने त्याला पन्नास रुपये लावले, दुसऱ्याने साठ, आणि मावशी मागच्या चटईवरून ओरडल्या, "अरे, एवढ्याचा नाही तो!" यंदाही मेज सकाळी आठला मांडले जाईल. ज्यांना घरून आणायला जमणार नाही त्यांच्यासाठी आदल्या संध्याकाळी दोन तरुण सायकलवर फिरतात. त्यांच्याकडे दिले तरी चालते.